विकत घेतलेली गाणी क्लाउडवरून फाइल म्हणून कशी उतरवायची?

ओसरीवरून

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीतला मुक्काम आवरून आम्ही दिवाळीच्या आत कायमचे पुण्याला येतोय. भांडीकुंडी, पुस्तकं, मुलांच्या सायकली सगळ्याचं ठरलं. राहिली ती गाणी.

गाणी तीन ठिकाणी आहेत. सगळ्यात जास्त आयट्यून्स स्टोअरवर पैसे मोजून घेतलेली, त्यातली काही तर अगदी सुरुवातीच्या काळातली. दुसरी, आमच्या सीड्यांवरून करून गूगल प्ले म्युझिकवर चढवलेली. ती पुढे आपोआप यूट्यूब म्युझिकवर गेली. तिसरी, बँडकॅम्पवर अधूनमधून घेतलेले अल्बम.

मला ही सगळी माझ्या हार्डडिस्कवर साध्या फाइली म्हणून हवी आहेत. कारणं दोन. बाबांच्या गाडीत पेनड्राइव्हशिवाय काही चालत नाही. आणि गुहागरकडच्या घरी रेंज म्हणजे विहिरीच्या कठड्यावर उभं राहिलं तर एक काडी. फोनवर 'डाउनलोड' केलंय सगळं, पण लॅपटॉपला फोन जोडला तर गाणी कुठे दिसतच नाहीत. कुठून सुरुवात करू?

रिकामटेकडा

एवढा उपद्व्याप कशाला ताई? कुठल्याही एका ॲपची वर्गणी भरा, हवं ते ऑफलाइन ठेवा. सगळं जग तेच करतंय.

तबकडी

@रिकामटेकडा, वर्गणीचं ऑफलाइन आणि मालकीची फाइल यात फरक आहे. तो गुहागरला गेल्यावर कळतो. स्पॉटिफायवर उतरवलेली गाणी टिकवायची तर दर ३० दिवसांत एकदा तरी नेटला जोडावं लागतं. यूट्यूब म्युझिकच्या वर्गणीतही तसंच. शिवाय ते पेनड्राइव्हवर जात नाही, म्हणजे बाबांच्या गाडीचा प्रश्न तिथेच राहिला.

@ओसरीवरून, तुमच्या प्रश्नाची गाठ 'डाउनलोड' या बटणात आहे. फोनवर ते दाबल्यावर गाणं ॲपच्या पोटात जाऊन बसतं. आयफोनवर तर ते फाइल्स ॲपमध्येही दिसत नाही. त्यामुळे फोन बाजूला ठेवा. हे काम कंप्युटरवरच होतं.

आधी आयट्यून्सचं बघू, कारण देश बदलण्याशी त्याचा थेट संबंध आहे.

मॅकवर म्युझिक ॲप उघडा (२०१९ च्या कॅटलिनापासून आयट्यून्सचं नाव तेच आहे), विंडोजवर आयट्यून्स. ज्या खात्यावरून खरेदी केली त्याच खात्याने आत जा. आयट्यून्स स्टोअरच्या पानावर उजवीकडे 'पर्चेस्ड' असा दुवा असतो. तिथे 'सगळी' आणि 'माझ्या लायब्ररीत नसलेली' असे दोन भाग दिसतील. दुसऱ्यात जा आणि सगळी उतरवून घ्या. मग कुठल्याही गाण्यावर राइट-क्लिक करून 'शो इन फाइंडर' किंवा 'शो इन विंडोज एक्सप्लोरर' केलं की खरी फाइल ज्या फोल्डरात आहे तो फोल्डरच उघडतो. तो कॉपी करा, झालं.

आता तपासणी. ही पायरी लोक गाळतात. गाण्यांच्या यादीत वरच्या पट्टीवर राइट-क्लिक करून 'काइंड' आणि 'क्लाउड स्टेटस' हे दोन रकाने चालू करा. 'काइंड'मध्ये 'पर्चेस्ड एएसी ऑडिओ फाइल' दिसलं तर निर्धास्त राहा, ती एम४ए, म्हणजे बिनकुलपाची साधी फाइल आहे, बहुतेक ठिकाणी वाजेल. 'ॲपल म्युझिक एएसी' दिसलं तर ते वर्गणीतलं गाणं, वर्गणी संपली की मुकं. 'प्रोटेक्टेड एएसी' दिसलं तर त्यावर स्वतंत्र लिहितो. आणि 'क्लाउड स्टेटस'मध्ये 'नो लाँगर अव्हेलेबल' असेल तर ते गाणं दुकानातून उठलंय. तुमच्या एखाद्या जुन्या लॅपटॉपवर त्याची फाइल असेल तर ती शेवटची समजा.

ओसरीवरून

बापरे, 'प्रोटेक्टेड' बरीच दिसतायत. आणि देश बदलण्याचा काय संबंध? घाबरवू नका हो.

तबकडी

घाबरवत नाही, पण क्रम चुकवू नका एवढंच.

ॲपल खात्याचा देश अमेरिकेवरून भारत केला की अमेरिकेच्या दुकानातली जुनी खरेदी पुन्हा उतरवायला मिळेलच असं नाही. भारतातल्या दुकानात ते गाणं, तीच आवृत्ती असेल तर ठीक, नसेल तर नाही. ॲपल स्वतःच सांगतं की देश बदलण्याआधी हवं ते सगळं उतरवून ठेवा. बदलताना खात्यातली शिल्लकही संपवावी लागते, चालू वर्गण्या बंद कराव्या लागतात आणि नव्या देशातलं पैसे भरण्याचं साधन द्यावं लागतं.

दुसरा मार्ग म्हणजे जुनं खातं फक्त खरेदीपुरतं अमेरिकेचं ठेवायचं आणि आयक्लाउडसाठी वेगळं खातं वापरायचं. फोनच्या सेटिंगमध्ये 'मीडिया अँड पर्चेसेस'ला वेगळं खाते लावता येतं. पण मी म्हणतो फाइली हातात आल्या की या कसरती हव्यात कशाला. २०२५ मध्ये ॲपलने एका खात्यावरची खरेदी दुसऱ्यावर हलवायची सोय आणली खरी, पण ती देताना भारत, ब्रिटन आणि युरोपीय संघ वगळले. म्हणजे आपल्या नशिबी ते नाही.

आता 'प्रोटेक्टेड'. आयट्यून्स स्टोअर एप्रिल २००३ मध्ये सुरू झालं तेव्हा गाणी १२८ केबीपीएसची (हा आकडा मोठा तितका आवाजाचा तपशील जास्त) आणि फेअरप्ले नावाच्या कुलपातली, म्हणजे खरेदीच्या खात्याबाहेर न वाजणारी होती. फाइलचं शेपूट एम४पी. २००७ मध्ये ईएमआयची गाणी बिनकुलपाची २५६ केबीपीएसमध्ये मिळू लागली आणि २००९ मध्ये सगळ्याच दुकानाचं कुलूप गेलं. तुमची प्रोटेक्टेड गाणी त्याआधीची असणार.

त्यावर पहिला उपाय: एक गाणं घेऊन बघा. लॅपटॉपवरची एम४पी फाइल आधी दुसरीकडे कॉपी करून ठेवा, मग लायब्ररीतून काढा आणि 'पर्चेस्ड'मधून पुन्हा उतरवा. पुष्कळदा तेच गाणं आता बिनकुलपाचं येतं. न आलं तर एक वर्ष आयट्यून्स मॅच ही ॲपलची वर्गणी घ्या. अमेरिकेत ते वर्षाला २४.९९ डॉलर आहे. तुमच्याकडचं गाणं ॲपलच्या साठ्याशी जुळलं की २५६ केबीपीएसची मोकळी फाइल उतरवता येते आणि वर्ष संपलं तरी ती तुमच्याकडेच राहते. हे मात्र अमेरिकेत असतानाच उरकून टाका.

तेही जमलं नाही तर जुना राजमान्य मार्ग: कुलपातली गाणी ऑडिओ सीडीवर बर्न करायची परवानगी ॲपलनेच दिलेली आहे (एकच यादी सात वेळा). सीडी करा, ती परत रिप करा, म्हणजे तिच्यावरून फाइली बनवा. १२८ केबीपीएसचं गाणं सीडीवरून परत एमपी३ केलं की आवाज आणखी थोडा घासतो, म्हणून रिप करताना ॲपल लॉसलेस किंवा फ्लॅक (आवाजातलं काही न गाळणारे फाइलींचे प्रकार) निवडा. मूळ १२८ चं २५६ होणार नाही, पण आहे त्यापेक्षा वाईट तरी होणार नाही.

रिकामटेकडा

यूट्यूबवरून सरळ एमपी३ करून देणाऱ्या साइटी आहेत की. दुवा देऊ का?

संपादक_मंडळ

नको. इथे तसे दुवे टाकू नयेत, टाकल्यास उडवले जातील. धाग्याचा विषय पैसे देऊन घेतलेल्या गाण्यांचा आहे, तिथेच राहूया.

वकिली_बाणा

संपादकांनी ब्रेक लावलाच आहे, तर कायद्याचं दोन ओळीत.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं ५२ वं कलम खाजगी किंवा वैयक्तिक वापरासाठीच्या रास्त वापराला मोकळीक देतं. स्वतः विकत घेतलेलं गाणं स्वतःच्या पेनड्राइव्हवर, स्वतःच्या गाडीत, यात कोणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. कुलूप तोडणं हा वेगळा विषय. २०१२ च्या दुरुस्तीने ६५ए हे कलम आलं. हक्कांचा भंग करायच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्यातला 'हेतू' हा शब्द महत्त्वाचा, पण त्यावर पैज लावू नका. शिवाय ओसरीताई अजून अमेरिकेत आहेत, तिथला १९९८ चा कायदा याबाबत आपल्यापेक्षा कडक आहे. तबकडींनी सांगितलेले मार्ग कुलूप न तोडता जाणारे आहेत, तेच धरा.

आणि एक. आयट्यून्सच्या एम४ए फाइलीवर कुलूप नसलं तरी आत खरेदी करणाऱ्याचं नाव आणि ईमेल लिहिलेला असतो. चुलतभावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याआधी लक्षात असू द्या.

ओसरीवरून

तो ग्रुप मी गेल्या गणपतीत सोडला, त्यामुळे धोका नाही. :)

एक जुनं गाणं काढून परत उतरवलं. एम४ए आलं! बाकीची आता रांगेत लावते. गूगलचं कोणी सांगेल का?

कुळथाची_पिठी

मी सांगते, सीड्या चढवण्याचं वेड आमच्याही घरी होतं.

गूगल प्ले म्युझिक २०२० च्या डिसेंबरात बंद पडलं आणि २४ फेब्रुवारी २०२१ नंतर तिथला साठा पुसला गेला. ज्यांनी त्याआधी यूट्यूब म्युझिककडे वळवून घेतलं त्यांची गाणी वाचली. तुमची वळली आहेत म्हणजे सुटलात.

यूट्यूब म्युझिकमध्ये प्रत्येक गाण्याला 'फाइल म्हणून उतरवा' असं बटण नाही. रस्ता गूगल टेकआउटमधून आहे, म्हणजे आपला डेटा एकगठ्ठा उतरवून देणाऱ्या गूगलच्या सोयीतून. टेकआउट उघडा, आधी 'सगळ्याची निवड काढा' करा, नाहीतर ईमेल, फोटो, नकाशे असं सगळं बोचकं पाठीवर येईल. मग खाली 'यूट्यूब आणि यूट्यूब म्युझिक'वर टिचकी. त्याच्या आत 'सगळा डेटा समाविष्ट' असं बटण आहे, ते उघडून फक्त 'म्युझिक-अपलोड्स' ठेवा. हे विसरलात तर तुमचे वाढदिवसाचे जुने व्हिडिओही येतील. झिपचा आकार आपोआप २ जीबीचा असतो, तो १० किंवा ५० करा, म्हणजे तुकडे कमी पडतात. मग थांबायचं. ईमेल आली की आठवड्याच्या आत उतरवून घ्यायचं, नंतर दुवा मरतो.

झिप उघडताना विंडोजवर एक हमखास अडचण. शास्त्रीय अल्बममधल्या गाण्यांची नावं राग, ताल, बंदिश, साथीदार अशी मारुतीच्या शेपटासारखी असतात. विंडोजला २६० अक्षरांच्या पलीकडचा पत्ता झेपत नाही आणि काही फाइली गुपचूप गळतात. ७-झिप वापरा आणि थेट डी ड्राइव्हवर 'गाणी' अशा आखूड नावाच्या फोल्डरात उघडा. उघडून झाल्यावर फाइलींची संख्या मोजून यूट्यूब म्युझिकमधल्या यादीशी ताडून बघा.

काळी_चार

पिठीताईंना पूर्ण अनुमोदन, पण जोड देतो. तुम्ही फ्लॅक चढवलं असेल तरी गूगल प्ले म्युझिक ते ३२० केबीपीएसच्या एमपी३त बदलून ठेवत असे. टेकआउटमधून परत येतं ते एमपी३च. म्हणजे कपाटात मूळ सीडी असेल तर टेकआउटवर विसंबू नका, सीडी पुन्हा रिप करा. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी फुकट आहे, मॅकवर एक्सएलडी. कंटेनरमध्ये सीड्या भरायच्या आधीच करून घ्या. एकदा माळ्यावर चढलेल्या सीड्या खाली उतरत नाहीत, हा आमच्या घराण्याचा अनुभव.

शास्त्रीय संगीतात हे का महत्त्वाचं तेही सांगतो. सीडीवर विलंबित आणि द्रुत असे दोन ट्रॅक पाडलेले असतात, पण गाणं अखंड असतं. तबलजी विलंबित एकताल सोडून द्रुत तीनताल धरतो त्या क्षणाला सीडीवर काही खंड नसतो. एमपी३च्या सुरुवातीला आणि शेवटी बारीकशी शांतता जोडली जाते आणि प्लेअर नीट नसेल तर नेमकं समेवर 'खट्ट' होतं. फ्लॅकमध्ये तो प्रकार नाही. लाइव्ह मैफलीत टाळ्यांमधूनच पुढची चीज सुरू होते, तिथे तर हे फारच टोचतं. भावगीतं, लावण्या ऐकणाऱ्यांनी याकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल.

रिकामटेकडा

म्हणजे समेवरच्या एका खट्टसाठी दुप्पट जागा?

काळी_चार

दुप्पट नाही, अडीच-तीनपट. २५६ केबीपीएसला मिनिटामागे साधारण २ एमबी, सीडीच्या दर्जाच्या फ्लॅकला ५ एमबीच्या आसपास. चाळीस मिनिटांचा ख्याल म्हणजे एकीकडे ८० आणि दुसरीकडे २०० एमबी. हार्डडिस्कच्या आजच्या भावात हा खर्च चहाच्या टपरीवरचा आहे. एकदा फ्लॅक करून ठेवलं की त्यातून गाडीसाठी एमपी३ हवं तेव्हा करता येतं. उलटं होत नाही.

तबकडी

बँडकॅम्पचं राहिलं, ते सगळ्यात सोपं. ब्राउझरमध्ये आपलं 'कलेक्शन' उघडा, प्रत्येक अल्बमखाली डाउनलोडचा दुवा असतो. एमपी३, फ्लॅक, एएसी, ऑग, ॲपल लॉसलेस, वेव्ह, जे हवं ते निवडा, मोबदला एकदाच. डोळे मिटून फ्लॅक घ्या. त्यांच्या ॲपमधलं डाउनलोड मात्र पुन्हा ॲपपुरतंच, तिथे अडकू नका.

आणि हो, 'पुढे कधीतरी करू' म्हणणाऱ्यांसाठी. आपल्याकडे फ्लिपकार्टने फ्लाइट नावाचं एमपी३चं दुकान २०१२ मध्ये काढलं आणि २०१३ च्या मध्यावर बंद केलं. ज्यांनी फाइली उतरवून ठेवल्या त्यांच्याकडे आजही गाणी आहेत, कारण ते बिनकुलपाचे साधे एमपी३ होते. मायस्पेसने तर सर्व्हर बदलताना २०१५ पर्यंतची चढवलेली गाणीच गमावली. ते २०१९ मध्ये जगजाहीर झालं. एअरटेलचं विंक २०२४ मध्ये आवरलं. दुकान कितीही मोठं असो, ते चालू असतानाच माल घरी आणायचा.

जुनी_पेटी

धागा वाचते आहे, एक वेगळा मुद्दा मांडते. आमचे सासरे गेले त्याला काही वर्षं झाली. त्यांनी आयुष्यभर नाट्यसंगीत आणि अभंग जमवले, शेवटची काही वर्षं ऑनलाइन विकत घेऊन. त्यांचं खातं आम्हाला उघडता आलं नाही. दुकानाचं नाव घेत नाही, पण ग्राहक सेवेवाल्यांनी नम्रपणे सांगितलं की खरेदी खात्याच्या मालकापुरती असते, वारसांना देता येत नाही. घरातल्या कॅसेटी मात्र आम्ही वाटून घेतल्या, कोणी विचारायला आलं नाही.

नंतर वाचलं की ॲपलने २०२१ मध्ये 'लेगसी काँटॅक्ट'ची, म्हणजे आपल्या मागे खातं कोणी उघडायचं ते आधीच नेमून ठेवायची सोय आणली. त्यातही फोटो, नोंदी, फाइली मिळतात, विकत घेतलेली गाणी-सिनेमे नाहीत. म्हणून ज्यांच्या घरी सत्तरीचे रसिक आहेत त्यांनी त्यांच्यासोबत बसून हे काम करा. त्यांनाही मजा येते, एकेका गाण्याची गोष्ट निघते.

ओसरीवरून

@जुनी_पेटी, हे डोक्यातच आलं नव्हतं. बाबांचंही एक खातं आहे, पासवर्ड एका डायरीत, डायरी कुठेतरी. आईला कामाला लावते.

दरम्यान माझी गाणी उतरली! पण आता हा गोंधळ: एकाच गायकाचे चार-पाच फोल्डर झालेत. आणि नाटकाच्या पदांचा अल्बम तर प्रत्येक गायकामागे फुटून विखुरलाय.

काळी_चार

हा रोग सार्वत्रिक आहे. माझ्याकडे 'पंडित भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी', 'भीमसेन जोशी', 'जोशी भीमसेन' आणि एका कंपनीच्या कृपेने 'भिमसेन जोशी' असे पाच कलाकार नांदत होते. कंप्युटरला ते पाच वेगळेच गृहस्थ वाटतात.

एमपी३टॅग नावाचं प्रोग्रॅम विंडोजवर फुकट आहे. सगळ्या फाइली एकत्र निवडून 'आर्टिस्ट'च्या रकान्यात एकच नाव लिहायचं, साठवायचं. उपाध्या काढून टाका, नाहीतर यादीत अर्धा महाराष्ट्र 'प'खाली येतो. नाटकाच्या अल्बमला 'अल्बम आर्टिस्ट' या रकान्यात सगळ्यांना एकच मजकूर द्या, उदाहरणार्थ 'नाट्यसंगीत', म्हणजे अल्बम फुटत नाही. गायकाचं नाव 'आर्टिस्ट'मध्ये वेगवेगळं राहू द्या. शास्त्रीयसाठी मी 'जॉनर'मध्ये राग लिहितो. शुद्धतावादी नाकं मुरडतात, पण सकाळी उठून भैरव, तोडी एका टिचकीत निघतात.

म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हा प्रोग्रॅम टॅग (फाइलीतली गायक, अल्बम वगैरेची नोंद) आपोआप भरतो, पण मराठी अल्बमांच्या बाबतीत त्याची माहिती तोकडी आहे. हिंदी सिनेमासाठी ठीक. मराठीला हातानेच.

कुळथाची_पिठी

देवनागरीत टॅग लिहावेत की रोमनमध्ये? माझ्या फोनवर देवनागरी सुंदर दिसते, पण नवऱ्याच्या गाडीत नुसते चौकोन.

घाटमाथा

गाडीचं मी बोलतो, रोज पुणे-कोल्हापूर करतो आणि या एका विषयात माझी पीएचडी झाली आहे.

बऱ्याच जुन्या गाडी-स्टिरिओंमध्ये देवनागरीचा फाँटच नसतो, मग चौकोन किंवा प्रश्नचिन्हं. त्याला टॅग सुधारून काही होत नाही. म्हणून मुख्य साठा देवनागरीत ठेवा आणि गाडीच्या पेनड्राइव्हसाठी रोमन नावांची वेगळी प्रत करा. टॅग साठवताना आयडी३ (एमपी३त टॅग लिहायची पद्धत) ची २.३ ही आवृत्ती ठेवा, जुनी यंत्रं २.४ ला बिचकतात. एमपी३टॅगच्या सेटिंगमध्ये तो पर्याय आहे.

दुसरं, एम४ए सगळ्या स्टिरिओंना पचत नाही. फ्लॅक तर बहुतेक जुन्यांना नाहीच. आधी दोन-चार गाणी टाकून बघा. न वाजली तर गाडीच्या प्रतीपुरतं ३२० च्या एमपी३त बदला, मूळ फाइलींना हात लावू नका. घाटात इंजिन ओरडत असताना फरक कळणाऱ्याला मी माझ्याकडून मिसळ देईन.

काळी_चार

मिसळ तयार ठेवा, मी येतो. काचा बंद करून.

ओसरीवरून

तुमचं दोघांचं मिटलं की मला फोनचं सांगा. हार्डडिस्कवर सगळं आलं. आता आयफोनवर आणि आईच्या अँड्रॉइडवर या फाइली कशा ठेवू?

तबकडी

आईच्या फोनला केबल लावा, 'म्युझिक' फोल्डरात कॉपी करा, संपलं. प्लेअर म्हणून म्युझिकोलेट टाका. तो पूर्ण ऑफलाइन आहे, जाहिराती नाहीत, आणि चुकून कशाची वर्गणी लागायची भीती नाही. अक्षरं मोठी करून द्या.

आयफोनवर दोन वाटा. म्युझिक ॲपमधून केबलने सिंक करा, पण फोनवर ॲपल म्युझिकची 'सिंक लायब्ररी' चालू असेल तर केबलचं सिंक चालत नाही, एकावेळी एकच. मला दुसरी वाट आवडते: फोनवर व्हीएलसी टाका, त्यातलं 'वाय-फाय शेअरिंग' चालू करा, तो एक पत्ता दाखवतो, लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये तो टाइप करून फाइली ओढून टाका. नेट नसलं तरी घरातलं वाय-फाय पुरतं. फ्लॅकही वाजतं.

आणि हार्डडिस्क एकच ठेवू नका. एक पुण्यात, एक गुहागरला किंवा भावाकडे. दोन्ही एकाच कंटेनरमधून पाठवू नका. एक हातातल्या बॅगेत.

वकिली_बाणा

आणि क्लाउडवरची गाणी लगेच पुसू नका. सगळं वाजवून बघेपर्यंत असू द्या तिथेच.

ओसरीवरून

पुसत नाहीये. बाबांची डायरी सापडली, पासवर्ड त्यांच्या पहिल्या स्कूटरचा नंबर निघाला. त्यांच्या खात्यावर आमच्यापैकी कोणालाच माहीत नसलेले कीर्तनाचे अल्बम आहेत. आईने आता व्हिडिओ कॉलवर माझ्याकडून ते उतरवायला घेतलेत, 'पर्चेस्ड'पर्यंत पोचली आहे.

@घाटमाथा, शेवटचा प्रश्न. बाबांच्या गाडीत प्रायोगिक पेनड्राइव्ह लावला, भावाने. गाणी वाजली, पण क्रम वाट्टेल तसा. नांदी मध्येच, भैरवी आधी.

घाटमाथा

जुने स्टिरिओ नाव बघत नाहीत, पेनड्राइव्हवर ज्या क्रमाने फाइली कॉपी झाल्या त्या क्रमाने वाजवतात. फाइलींच्या नावापुढे ०१, ०२, ०३ लावा. मग पेनड्राइव्ह पुसून एकेक फोल्डर क्रमाने कॉपी करा, सगळे एकदम ओढू नका. फॅटसॉर्ट नावाचं छोटं प्रोग्रॅम तो क्रम नंतरही लावून देतं.

फॉरमॅट एफएटी३२ च हवा. एक्सएफएटी किंवा एनटीएफएस असेल तर बऱ्याच जुन्या गाड्या पेनड्राइव्ह ओळखतच नाहीत. आणि ३२ जीबीचाच घ्या, त्याहून मोठा विंडोज राइट-क्लिकच्या फॉरमॅटमध्ये एफएटी३२ करून देत नाही.

रिकामटेकडा

३२ जीबीत मावतील का एवढी?

घाटमाथा

पाच मिनिटांचं गाणं २५६ ला १० एमबीच्या आत. तीन हजार सहज. ३२० चं एमपी३ केलं तर अडीच हजाराच्या आसपास. तुम्ही पण उतरवताय वाटतं?

रिकामटेकडा

बघतोय नुसतं. 'पर्चेस्ड' कुठे म्हणालात, उजवीकडे ना?